नवीन शिल्प निदेशक: हाताला येतं, तोंडाला येत नाही

टूलरूमवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. इथे आयटीआयवाले, पॉलिटेक्निकवाले, शाळेत कार्यानुभव शिकवणारे बरेच जण दिसतात, म्हणून हिंमत केली.

मी जोडारी, म्हणजे फिटर. आयटीआय, मग अप्रेंटिसशिप, मग चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला. जिग-फिक्श्चर, मोल्ड, डाय दुरुस्ती, सगळं हाताखालून गेलेलं. यंदा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक म्हणून लागलो. वीस जणांचं युनिट पूर्ण भरलंय. पोरं सोळापासून चोविशीपर्यंतची. कुणी दहावी पास, कुणी बारावीला गचकलेला, एक तर चक्क बी.ए. झालेला.

प्रॅक्टिकलला तसा मी बरा असतो. थिअरीच्या तासाला मात्र एकदा फळ्याकडे वळलो की पुन्हा वर्गाकडे तोंड करायला नको वाटतं. निमीचं (आयटीआयची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेचं) पुस्तक हातात धरून वाचत सुटतो. तासाभराचं पंधरा मिनिटांत उरकतं, मग उरलेल्या वेळात हजेरी पुन्हा घ्यायची का, अशी अवस्था. मागच्या आठवड्यात कानशींचे प्रकार सांगत होतो, तर बी.ए.वाला म्हणाला, "सर, आता सगळं सीएनसीवर, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर होतं, मग आम्ही महिनोन् महिने कानस कशाला घासायची?" प्रश्न काही वाकडा नव्हता. टूलरूममध्ये कुणी विचारलं असतं तर चहा गार होईपर्यंत बोललो असतो. वर्गात तोंडातून निघालं, "सिलॅबसमध्ये आहे म्हणून." मागच्या बाकांवर हशा.

आणि प्रॅक्टिकललाही एक खोड आहेच. पोराचा जॉब, म्हणजे घासायला दिलेला तुकडा, बिघडताना दिसला की मला राहवत नाही. मी कानस हातात घेतो आणि करून मोकळा होतो. जॉब गुण्यात (काटकोनात) येतो, पोरगं आहे तिथंच.

सीआयटीएस (निदेशकांचं ट्रेनिंग) अजून व्हायचं आहे. शेजारच्या ट्रेडचे सर म्हणतात, "होते सवय." होत असेलही, पण तोवर या बॅचनं काय करायचं? तुम्हाला आत्मविश्वास कसा आला ते सांगा. मोटिव्हेशनल व्हिडिओ नकोत, ते पाहून झालेत.

बोलघेवडा

चांगला विषय. मी सीनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. घरी आरशासमोर तालीम करा, शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे बघून बोला, सुरुवातीला एखादा विनोद पेरा. वक्तृत्व ही सरावाची गोष्ट आहे. चार महिन्यांत स्वतःचाच आवाज आवडायला लागेल.

ठिणगी

बोलघेवडा सर, राग नका मानू, पण आमच्या इथं स्वतःचा आवाज आवडणारे निदेशक आधीच जास्त झालेत :)

टूलरूमवाला भाऊ, मी विदर्भात वेल्डर ट्रेडला आहे. बाई माणूस आणि वेल्डर, म्हणजे सुरुवातीला काय काय ऐकलं असेल ते समजून घ्या. माझा अनुभव सांगते. तुम्हाला वीस जणांसमोर बोलायची भीती वाटते ना? मग वीस जणांसमोर बोलू नका! खरंच सांगून राहिली. वेल्डिंगचं प्रात्यक्षिक वीस जणांना एकदम दाखवताच येत नाही. काचेशिवाय आर्ककडे (वेल्डिंगच्या झगझगीत ठिणगीकडे) बघता येत नाही, आणि काच लावून मागच्या रांगेतल्याला काय दिसणार, हिरवा ठिपका. मी चार-चार, पाच-पाच जणांना बोलावते. बाकीचे तोवर प्लेट घासतात, कडा तयार करतात. एकच गोष्ट मला चार-पाच वेळा सांगावी लागते. पहिल्या गटाला अडखळत सांगते, तिसऱ्या गटापर्यंत वाक्यं आपोआप जागेवर बसतात. चौथा गट नशीबवान.

दुसरं, मी प्रात्यक्षिकात तोंड बंद ठेवते. ३.१५ मिलिमीटरचा इलेक्ट्रोड (वेल्डिंगची कांडी), आधी पाच जणांनी फक्त ऐकायचं. आर्क बरोबर असला की एकसारखा तडतड आवाज येतो, तेलात काही तळल्यावाणी. लांब झाला की फुसफुस, शिंतोडे उडतात. जवळ गेला की चिकटला. मग पोरांनाच विचारते, आत्ता आवाज का बदलला? एकदा का ते बोलायला लागले की आपल्यावरचं ओझं निम्मं. आर्कची लांबी इलेक्ट्रोडच्या तारेच्या जाडीएवढी हे पुस्तकातलं वाक्य मग सांगते, शेवटी. आधी सांगितलं तर वहीत जातं, हातात नाही जात.

बोलघेवडा

मान्य. आर्कसमोर विनोद पेरता येत नसावा. वाचतोय.

जुना_कातारी

निवृत्त गटनिदेशक. आधी टर्नर शिकवला, मग बाकीच्या ट्रेडवर देखरेख केली. ठिणगीताईंनी मोलाचं सांगितलं, त्यात भर घालतो.

टूलरूमवाला, तुमच्या दोन अडचणी वेगळ्या नाहीत, एकच आहे. तुमच्या हाताला जे येतं ते तुमच्या डोक्यातून केव्हाच पुसलं गेलंय. हात करतो, तुम्हाला दिसतच नाही तो काय करतोय ते. म्हणून फळ्यापाशी सांगायला काही सापडत नाही, आणि शेगड्यापाशी (जॉब पकडायच्या व्हाइसपाशी) सांगण्यापेक्षा करून देणं सोपं पडतं. कंपनीतून आलेल्या बहुतेक चांगल्या कारागिरांचं हे होतं. कच्च्या कारागिरांचं कमी होतं, कारण त्यांना अजून आठवत असतं.

उपाय नवा नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जहाजबांधणीला अचानक हजारो माणसं लागली, तेव्हा चार्ल्स अॅलन यानं कारागिरांना शिकवायला शिकवण्यासाठी चार पायऱ्या बसवल्या: तयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी. दुसऱ्या महायुद्धात त्याच पुन्हा उपयोगी पडल्या. आपली शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५०ची, आणि निदेशकांच्या ट्रेनिंगमध्ये पाठाचं टाचण आजही याच चार पायऱ्यांवर काढायला लावतात. सीआयटीएसला गेलात की त्याचा एवढा रतीब घालतील की वीट येईल. पण तोवर थांबायचं कारण नाही.

एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे कामाच्या पायऱ्या, उजवीकडे प्रत्येक पायरीची मेख. उद्याचा जॉब आज संध्याकाळी स्वतः करा. दुसऱ्या ट्रेडच्या एखाद्या निदेशकाला शेजारी उभं करा, आणि त्यानं प्रत्येक हालचालीला "का?" विचारायचं. शिवणवाल्या मॅडम असतील तर उत्तम, कारण त्यांना कानशीतलं काही माहीत नसतं आणि त्या सोडत नाहीत.

आता सपाट पृष्ठभाग घासायचा आहे असं धरा. डावीकडे तुम्ही लिहाल: जॉब शेगड्यात बांधा, उभे राहा, कानस धरा, घासा. चार ओळी. उजवीकडे बघा किती भरतं. शेगड्याचा जबडा कोपराच्या उंचीला हवा, बुटक्या पोराला पायाखाली फळी लागते. डावा पाय पुढे. घासायला सुरुवात करताना दाब डाव्या हाताचा, म्हणजे कानशीच्या टोकाकडे जास्त. मध्यावर दोन्ही हातांचा सारखा. शेवटी मुठीकडच्या उजव्या हाताचा जास्त. हे झालं नाही की कानस झोके घेते, आणि जॉबच्या दोन्ही कडा खाली जाऊन मध्ये फुगवटा राहतो. परत येताना दाब नाही. घासलेल्या जागेवरून बोट फिरवायचं नाही, घामानं कानस घसरते. दातांत कीस अडकू नये म्हणून खडू. आणि दर थोड्या वेळानं जॉब उजेडाकडे धरून गुण्याखालून प्रकाश कुठून येतो ते बघायचं.

हे सगळं तुम्ही रोज करता. यातलं किती वर्गात बोललात?

टूलरूमवाला

काका, दाबाचं वाचून थबकलो. आज शेगड्यापाशी मुद्दाम हळू करून पाहिलं, तर खरंच डावा हात मध्यानंतर हलका होतो. मी ते कधी ठरवून केल्याचं आठवत नाही. कागद केलाय. उजवा रकाना मागच्या पानावर गेला.

शिवणवाल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी माझ्या मशीनचा पट्टा बसवून द्या."

तिरकी पट्टी

हा हा, पट्टा बसवून घेतल्याशिवाय आम्ही कुणाचं काही करत नाही.

मी कोल्हापूरकडे शिवण ट्रेडला. माझी अडचण टूलरूमवाल्यांच्या उलटी होती. माझ्या वर्गात निम्म्या बायका माझ्यापेक्षा मोठ्या, घरी वर्षानुवर्षं ब्लाउज शिवणाऱ्या. मी मुंड्याचा आकार फळ्यावर काढायला घेतला की पाठीमागून, "मॅडम, आम्ही असं नाही काढत, अंदाजानं कापतो, बरोबर बसतं." बसतंही हो! खोटं कशाला बोलू. त्यांचा अंदाज माझ्या पट्टीपेक्षा पक्का.

पहिल्या वर्षी मी मनावर घेतलं, आपलं चालावं म्हणून आवाज चढवायचे. पुढं एका ताईंनाच पुढं बोलावलं. म्हटलं, तुम्ही कापा, आम्ही बघतो. त्यांनी सरसर कापला. मग त्यांना तीन वेगळ्या अंगाच्या बायकांची मापं दिली, त्यातली एक खांदे उतरते असलेली. तिथं अंदाज थांबला. मग त्याच म्हणाल्या, "मॅडम, ते पट्टीचं दाखवा की जरा." त्या दिवसापासून त्या ताई माझ्या निम्म्या निदेशिका झाल्या. टाके सोडवणं, बॉबिन अडकली की काढणं, सगळं त्यांच्याकडं. माझं काय गेलं? काही नाही.

तुमचा बी.ए.वाला वाईट नसणार बघा. प्रश्न विचारणारा एक तरी हवाच वर्गात.

आर्क आय

नाव बघून घाबरू नका (वेल्डिंगच्या उजेडानं डोळ्यांना होतो तो त्रास), मी शिकाऊ होतो, आता कंपनीत आहे. बाकड्याच्या पलीकडून बोलतो.

सर बोलताना अडखळतात का, हे आम्ही दोन दिवस बघतो. तिसऱ्या दिवसापासून आमचं लक्ष एकाच गोष्टीवर: मार्क कसे देतात. प्रॅक्टिकल आणि सत्रभरातल्या जॉबच्या मार्कांना पासिंग ६० टक्क्यांचं, बाकी विषयांना ३३. म्हणजे जॉबच्या मार्कांवर सगळं अडकलेलं. आमचे एक सर जॉब हातात घ्यायचे, लांबून बघायचे, आणि "सत्तर" म्हणायचे. का सत्तर, कुणाला माहीत? दुसरे सर जॉबवर नंबर पंच करायला लावायचे, आमच्याच हातात व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) द्यायचे, "वाच." आम्ही वाचलं ते लिहायचे. मग लांबी-रुंदीला इतके, काटकोनाला इतके, पृष्ठभागाला इतके. हे सर बोलायला अगदी साधे, जवळजवळ पुटपुटायचे. पण वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल.

आणि टूलरूमवाला सर, जॉब करून देऊ नका हो. सरांनी हातात घेतला की आम्हाला बरं वाटतं आणि वाईटपण वाटतं. बरं वाटतं कारण मार्क मिळणार. वाईट कशाचं ते तुम्हाला कळलं असेल.

जुना_कातारी

आर्क आय यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. जॉब करून देण्यावर माझा नियम: प्रशिक्षणार्थीच्या जॉबला निदेशकाचा हात लागायचा नाही. दाखवायचंच असेल तर भंगारातला तुकडा शेजारच्या शेगड्यात बांधा आणि त्यावर दाखवा. त्याचा फुगवटा त्याच्याच जॉबवर राहू दे, त्यालाच काढू दे. सुरुवातीला हात शिवशिवतात. मी ॲप्रनच्या खिशात घालून ठेवायचो.

फेजन्यूट्रल

सगळं वाचलं. पण एक कडू गोष्ट कुणी बोललं नाही, ती मी बोलतो.

मी इलेक्ट्रिशियनला तासिका तत्त्वावर आहे. तास भरला तर पैसे, सुट्टीचे नाहीत. पुढच्या वर्षी असेन की नाही, माहीत नाही. आत्मविश्वास बाजारात मिळत नाही हे मान्य, पण वायर मिळते, आणि ती वेळेवर मिळत नाही. एका बोर्डावर पाच पोरं, तीच वायर काढून पुन्हा लावायची, तिची टोकं तुटून तुटून वीतभर झालेली. अशा ठिकाणी निदेशक डळमळीत दिसतो तो स्वभावानं नव्हे. सामान हातात असलेला माणूस आपोआप ताठ उभा राहतो. त्यामुळे टूलरूमवाला साहेब, स्वतःला फार बोल लावून घेऊ नका. आधी स्टोअरची मागणी वेळेत लिहून द्या, पोच घ्या. शिकवण्याच्या तयारीतला तो पहिला भाग आहे, आणि कुठल्याच ट्रेनिंगमध्ये तो नीट सांगत नाहीत.

आता माझ्या वर्गातला बी.ए.वाला. माझ्याकडचा पोरगा सुट्टीत गावातल्या वायरमनच्या हाताखाली जातो. जिन्याचं वायरिंग (एकच दिवा, वर-खाली दोन स्विच) फळ्यावर काढलं: फेज पहिल्या टू-वे स्विचच्या कॉमनला, दोन्ही स्विचमध्ये दोन तारा, दुसऱ्याच्या कॉमनवरून दिव्याला, न्यूट्रल थेट दिव्याला. हा उठला. "सर, आमचे मालक असं नाही करत. ते फेज आणि न्यूट्रल दोन्ही स्विचला देतात, दोन्ही कॉमनमधून होल्डरला. तार वाचते. दिवा लागतो."

वर्ग माझ्याकडे बघतोय. आणि दिवा लागतो, हे खरं आहे. मी म्हटलं, जोड. त्यानं बोर्डावर जोडलं. दिवा लागला, वरून बंद केला, खालून चालू केला, सगळं ठीक. पोरांना वाटलं सर हरले. मग म्हटलं, आता दोन्ही स्विच फेजकडे कर. दिवा बंद. होल्डरला टेस्टर लाव. लावला, पेटला. दुसऱ्या पिनेला लाव. तिथंही पेटला. दिवा विझलेला, आणि होल्डरच्या दोन्ही पिना जिवंत. म्हटलं, आता तुझी आई स्विच बंद करून बल्ब बदलायला चढली तर?

मी एक वाक्यही जास्त बोललो नाही. मला ते जमलं याचं कारण इतकंच, की ती जोडणी मी आधी स्वतः करून पाहिली होती. वर्गाबाहेर बाजारात काय चुकीचं चालतं हे निदेशकाला ठाऊक हवं, पुस्तकात फक्त बरोबरचं असतं.

आणि भीतीबद्दल: आमच्या ट्रेडमध्ये ती जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे. सप्लाय बंद, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात, मग टेस्टर, मग हात. हे मी रोज मोठ्यानं म्हणत करतो. पोरं चेष्टा करतात. करोत.

ठिणगी

फेजन्यूट्रल भाऊ, एक नंबर! हे आमच्या इलेक्ट्रिशियनच्या सरांना पाठवते. तासिकेचं दुखणं आमच्याकडंही तेच.

स्टुटगार्टकर

इथं जर्मनीत मी कंपनीत शिकाऊंना बघतो. कंपनीत शिकवायचं तर इथे वेगळी परीक्षा द्यावी लागते, त्यात प्रात्यक्षिक भाग असतो: एखादा प्रसंग घेऊन शिकवून दाखवा किंवा सादर करा, मग परीक्षक प्रश्न विचारतात. सगळं मिळून अर्धा तास. मी त्याआधी कितीतरी वर्षं मशीनवर काम केलं होतं, तरी तोंडाला फेस आला. त्यात भाषा जर्मन. जुना_कातारी काकांच्या चार पायऱ्या इथेही घोकून घेतात, नाव वेगळं.

टूलरूमवाल्यांच्या बी.ए.वाल्याला सांगा, सीएनसी मशीन बनवणाऱ्या कंपन्यांच्या या भागातही धातूकामाच्या शिकाऊला पहिल्या वर्षी कानस असते. आणि तो जी निमीची पुस्तकं वापरतो, ती संस्था चेन्नईत १९८६ साली जर्मन मदतीनंच उभी राहिली होती.

टूलरूमवाला

स्टुटगार्टकर, सांगतो. पण "जर्मनीतही घासतात" हे माझ्या "सिलॅबसमध्ये आहे"चंच भावंड वाटतंय. तो पुढं विचारील, तिथं तरी का घासतात?

जुना_कातारी

मग सांगा की का घासतात. टूलरूममध्ये चहा गार होईपर्यंत जे बोलला असतात ते इथेच लिहा. आम्ही कुणी हसत नाही.

टूलरूमवाला

बरं, प्रयत्न करतो.

मोल्डचे, म्हणजे प्लास्टिकच्या वस्तूच्या साच्याचे, दोन अर्धे सीएनसीवर होऊन येतात. ड्रॉइंगप्रमाणे मापं बरोबर, तपासणीचा कागद सोबत. मोल्ड मशीनवर चढतो, पहिला शॉट निघतो, आणि एका कोपऱ्यातून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर आलेला असतो. फ्लॅश. म्हणजे दोन अर्धे तिथं नीट मिटत नाहीत. मापं बरोबर असूनही. मग मोल्ड खाली येतो आणि टूलरूमला येतो, माझ्याकडे.

एका अर्ध्याला प्रशियन ब्लू लावायचा, बोटानं, अगदी पातळ. जाड लावला की तो खोटं बोलतो. दोन्ही अर्धे मिटवायचे, उघडायचे. समोरच्या अर्ध्यावर जिथं निळं उमटलं तिथं टेकतंय. जिथं नाही, तिथं फट. फट भरता येत नाही, म्हणून जे टेकतंय ते उतरवायचं. किती उतरवायचं? ते कागदावर नसतं. बारीक कानस, मग स्टोन (घासायचा दगड), दोन हात मारायचे, पुसायचं, पुन्हा ब्लू. जास्त गेलं तर संपलं, पूर्ण बाजू खाली घ्यावी लागते, लाखाचा मोल्ड. कमी गेलं तर पुन्हा पापुद्रा. हे दिवसभर चालतं. शेवटी निळा रंग सगळीकडे सारखा ठिपक्याठिपक्यांनी उमटतो, तेव्हा सोडायचं.

आता ज्याला कानशीचा एक हात मारल्यावर किती गेलं हे हाताला कळत नाही, त्याच्या हाती तो मोल्ड कोण देईल? आणि ते कळायला दुसरा रस्ता नाही, माइल्ड स्टीलचा स्वस्त तुकडा घेऊन गुण्यात येईस्तोवर घासणं हाच आहे. सीएनसीमुळे कानशीचं काम कमी झालं. राहिलं ते सगळ्यात महागड्या जागी राहिलं.

लिहून झाल्यावर वाटलं, हे वर्गात का सुचत नाही.

तिरकी पट्टी

अंगावर काटा आला हो. मी शिवणवाली, मला मोल्ड काय ते धड माहीत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं.

बोलघेवडा

आरसा रद्द. हेच वर्गात बोला. "जाड लावला की तो खोटं बोलतो", हे वाक्य माझ्या अर्थशास्त्रातही चालेल.

अर्धा एकर

थोडं आडवळणाचं, पण संबंध आहे. मी पुणे जिल्ह्यात शाळेत मूलभूत तंत्रज्ञान विषयाशी जोडलेलो आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमाची ही पद्धत, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली आश्रम सुरू केला तिथून आलेली. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. यात निदेशक बऱ्याचदा गावातलाच हुन्नरी माणूस असतो. तो उत्तम काम करतो आणि "मी कुठं मास्तर" म्हणून मागे सरतो.

आमच्याकडे फॅब्रिकेशन करणारे एक दादा असेच मागे सरायचे. त्यांना आम्ही पाठ घ्यायला सांगतच नाही. शाळेला सायकल स्टँड हवा होता, ते काम दिलं, मुलं हाताखाली दिली. कामच चालू असल्यामुळे बोलण्याला विषय शोधावा लागत नाही: हे माप का घेतलं, अँगल इथंच का कापला, आधी टॅक (तात्पुरता छोटा वेल्ड) मारून काटकोन का तपासला. मुलं विचारतात, ते सांगतात. शेवटी मुलांनी खर्चाचा हिशेबही काढला, पाइप किती फूट, वाया किती गेला. दादांना वाटतं, आपण अजून शिकवलंच नाही. मुलांना वाटतं, वर्षभर तेच शिकवतात.

टूलरूमवाला, तुमच्या आयटीआयमध्येही काहीतरी मोडलेलं असेलच. गेटची कडी, बाकाचा पाय. फिटरच्या पोरांना द्या.

फेजन्यूट्रल

मोडलेलं शोधायला लागत नाही, ती काळजी नको :)

टूलरूमवाला

सगळ्यांचे आभार, पण धागा बंद करू नका, अजून गाडं पूर्ण रुळावर आलेलं नाही. दोन गोष्टी झाल्या. ठिणगीताईंचं ऐकून घासण्याचं प्रात्यक्षिक पाच-पाच जणांच्या गटात घेतलं. पहिल्या गटाला दाबाचं सांगताना डावा-उजवा उलटा सांगत होतो, एका पोरानंच सुधारलं. चौथ्या गटाला नीट जमलं. मार्कांची विभागणी फळ्यावर लिहून ठेवलीय, व्हर्नियर त्यांच्याच हातात देतो. यामुळे एक नवी भानगड झाली: अर्ध्या पोरांना व्हर्नियर वाचताच येत नाही. ०.०२ मिलिमीटर, म्हणजे त्यावरचं सगळ्यात लहान माप, कुठून येतं विचारलं तर गप्प. त्यामुळे आता थिअरीच्या तासाला काय बोलायचं हा प्रश्न काही दिवस तरी मिटला. मेन स्केलचे ४९ मिलिमीटर, त्याचेच व्हर्नियरवर ५० भाग, हे फळ्यावर मोठं काढून एकेकाला पुढं बोलावतोय.

बी.ए.वाल्याला मोल्डचं अजून सांगितलेलं नाही. उद्या थिअरीला एखादा जुना ब्लॉक आणि ब्लूची डबी वर्गात न्यावी म्हणतो, तोंडानं सांगण्यापेक्षा त्याच्याच बोटाला लावतो. आमची थिअरीची खोली वरच्या मजल्यावर आहे, वर्कशॉप खाली. हत्यारं, जॉब असं वर्गात नेलेलं चालतं का? कुणी हरकत घेणार नाही ना?

जुना_कातारी

चालतं, नेलंच पाहिजे. रिकाम्या हातानं थिअरीला जाणारा निदेशक मला कधी पटला नाही. फक्त टूल क्रिबच्या (हत्यारांच्या खोलीच्या) रजिस्टरला नोंद करा, परत दिल्याची सही त्याच दिवशी घ्या. ब्लॉक कुणी चोरत नाही, पण ऑडिटला सापडला नाही तर वसुली तुमच्याकडून निघते. आणि ब्लू पोरांच्या शर्टाला लागला की जात नाही, तेवढं आधीच सांगून ठेवा.

तिरकी पट्टी

लागलाच तर आमच्याकडं पाठवू नका. पट्टा बसवून दिला म्हणून डाग काढून देणार नाही.